खाणीतला लाल खोकला

क्षयरोगावरचं पहिलं पत्रक मी लिहिलं तेव्हा त्यात एक ओळ होती: ‘थुंकीतून लाल पडत असेल तर आजच दवाखान्यात जा.’ ओळ बरोबर होती. आजही बरोबर आहे. आमच्या सड्यावर मात्र तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

सडा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. रत्नागिरीहून पूर्णगडच्या बाजूला जाताना असे सडे लागतात. पावसाळ्यात तिथे रानफुलं येतात आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. पाऊस सरला की चिरेखाणी, म्हणजे घरांसाठी जांभा चिरा कापायच्या खाणी, सुरू होतात, तेव्हा कुणी थांबत नाही. काचा वर करून निघून जातात. तांबडी धूळ असते. झाडं तांबडी, कुत्री तांबडी, माणसंही तांबडी. त्या माणसांचे फोटो मी अजून कुठे पाहिलेले नाहीत.

माझे काका त्या खाणीत मशीनवर होते. मशीन म्हणजे रुळांवरून पुढेमागे ढकलायचं मोठं गोल पातं आणि त्याला जोडलेलं डिझेलचं इंजिन. पातं कातळात उतरलं की धुळीचा लोट उठतो, आणि मशीनवाल्याचं तोंड त्या लोटाच्या वर असतं. तोंडाला बांधायला घरचा टॉवेल. माझे वडील बोटीवर नोकरीला आणि आई मी लहान असतानाच गेली, म्हणून मी काका-काकूंकडेच वाढले. त्यांना स्वतःचं मूल नाही. संध्याकाळी काका सड्याच्या घाटीवरून, म्हणजे उभ्या चढणीच्या पायवाटेने, उतरताना दिसले की काकू न्हाणीत पाणी काढायची. पाणी तांबडं होऊन माडाच्या आळ्यात जायचं. माड चांगले धरायचे. काकू म्हणायची, काकांची धूळ माडाला मानवते.

मी आता रत्नागिरीत राहते आणि कामगारांच्या एका लहानशा संघटनेचं काम करते. केवढी लहान, तर आमचं कार्यालय झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत आहे आणि पत्रक छापायचं झालं तर मधल्या भिंतीवर थाप मारली तरी पुरते.

तर ते पत्रक घेऊन मी काकांच्या खाणीत गेले. जेवणाची सुट्टी होती. ताडपत्रीच्या सावलीत सगळे डबे उघडून बसले होते. त्यांच्यातल्या एकाने पत्रक मोठ्याने वाचायला घेतलं. ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला’ इथपर्यंत सगळे गप्प होते. ‘थुंकीतून लाल’ आलं आणि कुणीतरी फसकन हसलं.

“म्हणजे आख्खी खाणच भरती करायला हवी गो दवाखान्यात!”

“पहिला तुझ्या काकाला ने. त्याचं तर कुंकवासारखं पडतं.”

एकजण उठला, बाजूला जाऊन खाकरला, थुंकला आणि मला हाक मारली, “बघ बाय. लाल हाय ना? बोलव गाडी!”

सगळे हसले. काकाही हसले, पण माझ्याकडे न बघता. पुतणी खाणीत आल्याचा त्यांना अभिमानही होता आणि थोडी शरमही. मी तिथे उभी राहून रागाने लाल झाले. म्हणजे त्या ठिकाणी लाल व्हायचं राहिलेली मी एकटीच होते.

त्यांचं खोटं नव्हतं. दिवसभर चिऱ्याची धूळ नाकातोंडात गेल्यावर थुंकी लालच पडणार. आणि खाणीत ती शुभ मानायचे. संध्याकाळी इंजिन बंद झालं की खाणीच्या मालकाकडून, शेठकडून, प्रत्येकाला गुळाचा मोठा खडा मिळायचा. गूळ धूळ बांधतो आणि बाहेर काढतो, असा सगळ्यांचा पक्का विश्वास. तोंडाला बांधायला धड काही द्यायचं नाही, पात्यावर पाणी सोडायचं नाही, पण गुळात कधी खंड नाही. लाल पडलं की गूळ लागू पडला, छाती साफ झाली. एखाद्याची थुंकी पांढरी दिसली तर बाकीचे काळजी करायचे: “ह्याची धूळ आतच राहते रे. दोन खडे दे त्याला.”

मी काकांशी भांडले. म्हटलं, गूळ पोटात जातो, छातीत जात नाही, वाटा वेगळ्या आहेत.

“तू शिकलेली हायस,” काका म्हणाले, “पण धूळ बाहेर पडताना आमी रोज डोळ्यांनी बघतो. तुझ्या पत्रकात बघून काय आमाला कळायचं?”

डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीशी पत्रक भांडू शकत नाही. हे मला कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं.

पुढे मी जे वाचलं, विचारलं, त्यावरून कळलं की त्यांचं अर्धं खरंच होतं. आपल्या श्वासनळीला आतून चिकट ओल असते. आत आलेली धूळ त्या चिकट्यात अडकते. नळीच्या आतल्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते, ती सतत वरच्या बाजूला हलत असते आणि चिकटा धुळीसकट घशापर्यंत आणून सोडते. बाकीचं काम खोकला करतो. खाणीतली माणसं जे लाल थुंकत होती ते ह्या लवेचं काम होतं. गुळाचा त्यात काहीही हात नव्हता. राबायचं छातीने आणि नाव व्हायचं शेठच्या गुळाचं. मला त्यात नवल वाटलं नाही. सगळीकडे असंच चालतं.

श्रावणात मी घरी गेले होते. खाण पावसाच्या तोंडावरच बंद झाली होती, मशीन ताडपत्रीखाली झाकलेलं. लावणी उरकली होती. काका पडवीत बसून खोकत होते. मग उठून अंगणाच्या कडेला गेले आणि थुंकले. पाऊस पडत होता, तरी मला ते पागोळीच्या पाण्यात पसरताना दिसलं.

“काकू, हे काय?”

काकू पडवीत तांदूळ पाखडत होती. तिने मान वळवून पाहिलं आणि जरा कौतुकानेच म्हणाली, “अजून निघते बघ धूळ. औंदा चांगली निघते हो.”

“खाण बंद होऊन किती दिवस झाले? धूळ आली कुठून?”

“साठलेली असते गो,” काका मागून म्हणाले. “वर्षानुवर्षांची. पावसात हवा ओली झाली की सुटते.”

त्यांच्या बाजूने सगळं सुसंगत होतं. ताप येत होता तो पावसात भिजून. जेवण जात नव्हतं ते उपासतापास फार झाले म्हणून. अंगातला सदरा ढगळ झाला होता तो लावणीच्या कष्टाने. आणि लाल पडत होतं ती धूळ. प्रत्येक खुणेला घरात आधीच एक नाव होतं, माझ्या पत्रकाला बसायला जागाच नव्हती. मी आरडाओरडा केला. काकू म्हणाली, देवघरात दिवा लागलाय, आवाज हळू.

त्यांना दवाखान्यात मी नेलं असं वाडीत सांगतात, ते खरं नाही. दुसऱ्या दिवशी काका खालच्या मळ्यातून घाटी चढून घरी येत होते. जन्मभर डोक्यावर भारा घेऊन चढलेली घाटी. मध्यावर ते वाटेकडेच्या दगडी गडग्याला टेकून बसले. मी मागोमाग होते. ते नुसते दम घेत राहिले. मग म्हणाले, “उद्या जाव या.” एवढंच.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय होता. डॉक्टरबाई चिपळूणच्या, आवाज मोठा आणि वेळ कमी. तरी काकांनी एक प्रश्न विचारला तेव्हा त्या थांबल्या. काका काकूकडे बोट करून म्हणाले, “ही माझ्या बाजूला निजते इतकी वर्षं. हिला कसा नाय झाला?”

काकू म्हणाली, “मला व्हावा अशी इच्छा हाय वाटतं!”

डॉक्टरबाई हसल्या. मग फोटो उजेडासमोर धरून त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते.

क्षयाचा जंतू खोकल्यातून, बोलण्यातून हवेत येतो आणि श्वासाबरोबर आत जातो. बरेचसे वाटेतच चिकट्याला अडकतात. एखादा निसटून अगदी तळाला, जिथे हवेचे बारीक बारीक फुगे आहेत तिथे पोचतो. तिथे काही पेशी फिरत असतात. त्यांना मी राखणदार म्हणते, कारण आमच्याकडे प्रत्येक सड्याला, प्रत्येक सीमेला एक राखणदार असतोच. ह्यांचं काम एकच, परकं दिसेल ते गिळून टाकायचं. पण हा जंतू लबाड. पुष्कळदा तो गिळला तरी मरत नाही, राखणदाराच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. मग शरीर आणखी पेशी बोलावतं. त्या भोवती जमतात, एकमेकींना चिकटतात आणि जंतूला मध्ये घेऊन बंद करतात. बागेभोवती बिनमातीचा गडगा रचतात तसा. जंतू आत जिवंत असतो, पण कोंडलेला. ज्यांच्या छातीत तो शिरतो त्यांतल्या बहुतेकांचा गडगा जन्मभर उभा राहतो. ती माणसं शेतात जातात, लग्नाला जातात, म्हातारी होतात. त्यांना कधी कळतही नाही की आपण काय कोंडून ठेवलंय.

“म्हणजे हिचा गडगा माझ्यापेक्षा बरा,” काका म्हणाले.

“तिचे राखणदार तुमच्यासारखे दगड खात नव्हते,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

ते वाक्य मी विसरलेले नाही. चिऱ्याची सगळीच धूळ थुंकीतून निघत नाही. जी सगळ्यांत बारीक, डोळ्यांना दिसतही नाही, ती जंतूसारखीच तळापर्यंत जाते. राखणदार तिलाही परकी समजून गिळतात. दगड पचत नाही. ते आजारी पडतात, मरतात, त्यांच्या पोटातली धूळ सुटी होते, ती दुसरे गिळतात, तेही मरतात. वर्षानुवर्षं हे चालतं. मग एखाद दिवशी जंतू येतो, किंवा आधीचा कोंडलेला असतोच, तेव्हा त्याला धरायला कुणी धड उरलेलं नसतं. तंबाखू, चुलीचा धूर, अर्धपोटी राहणं, साखरेचा आजार, सगळ्यांनी छातीची राखण ढिली होते, डॉक्टरबाईंनी सांगितलं. “पण तुमच्या बाबतीत मी पहिलं नाव धुळीचं घेईन. औषध नेमाने घ्या. आणि त्या मशीनवर परत जाऊ नका.”

पहिली गोष्ट काकांनी पाळली. दुसरीवर आमच्या घराचं सगळं वर्ष अडकून राहिलं. जंतू औषधाने मरेल हे आम्हाला कळत होतं. पण काका धुळीत परत गेले तर वाचलेली छाती किती दिवस वाचणार, हे कुणी सांगू शकत नव्हतं. आणि मशीन सोडून त्यांना दुसरं येत काय होतं?

काकूची आणि माझी तपासणी झाली. आजार नव्हता, पण होऊ नये म्हणून आम्हालाही गोळ्या दिल्या. काकू त्या गिळायची आणि गोळीला शिव्या द्यायची.

वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या एक बाई येऊन पडवीच्या पायरीवरच बसल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, “एवढी माणसं खाणीत जातात, ह्यांनाच बरा झाला. ताकदच कमी असेल हो अंगात. आमच्या ह्यांची प्रतिकारशक्ती कशी, एकदम दणकट!”

काकू म्हणाली, “होय तर. तुमच्या ह्यांनी जन्मात चिरा उचलला नाय. खुर्ची उबवायला कितीशी शक्ती लागते?”

मला तो शब्दच आता सहन होत नाही. प्रतिकारशक्ती. दवाखान्याच्या भिंतीवर चित्र असतं: सफरचंद, बदाम, दुधाचा पेला आणि खाली ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. जशी काही ती किराणा दुकानात सुटी मिळते आणि आम्ही आळसाने आणत नाही. जो आजारी पडत नाही त्याला वाटतं ही आपली कमाई. जो पडतो त्याच्याकडे लोक असं बघतात की ह्याने घरातली राखण नीट केली नाही. अहो, राखण करणाऱ्यांना दिवसाढवळ्या मारलं जात होतं, गूळ देऊन. हे भिंतीवर कोण रंगवणार? मी एकदा आमच्या पत्रकात लिहिलं, ‘आधी धूळ बंद करा, मग बदाम खा.’ संघटनेतल्या ज्येष्ठांनी ते खोडलं. भाषा उद्धट आहे म्हणाले. माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं, तरी भांडले. ओळ खोडलेलीच राहिली.

औषध लागू पडलं. ताप गेला, जेवण जायला लागलं, सदरा अंगाला बसायला लागला. एक दिवस काका खोकून आले आणि पडवीत चिंतेत बसले.

“काय झालं?”

“पांढरं पडलं.”

“मग चांगलंच की!”

“चांगलं कसलं? धूळ आतच राहिली ना.”

मी डोक्याला हात लावला. मग पाहिलं तर ते मिशीत हसत होते. पण अगदी पूर्ण थट्टा नव्हती ती. इतक्या वर्षांची सवय, ती औषधाच्या गोळीने कुठे मरते?

दिवाळी झाली. खाण उघडायचे दिवस आले. शेठ मोटरसायकलवरून आले आणि अंगणातच उभे राहिले. काकूने बसायला सांगितलं, बसले नाहीत. लांबूनच म्हणाले, “तब्येत सुधारली हो. आता तुमच्यापासून कुणाला लागत नाही म्हणे? डॉक्टरांना विचारून घेतलंय मी.” तेवढं मात्र त्यांनी विचारून घेतलं होतं. “मशीन उभं आहे. तुमच्यासारखा हात नाही कुणाचा. आणि गाऱ्हाणं कोण घालणार?”

मी मध्ये पडले. “डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केलीय.”

“धूळ सगळ्यांनाच आहे. मीही उभा असतो तिथे. अंगात प्रतिकारशक्ती पाहिजे.”

“तुम्ही गाडीजवळ उभे असता, शेठ. पात्यावर पाणी सोडा, धूळ बसेल. कितीदा सांगितलं.”

“पाणी आणू कुठून? टँकर माझ्या आंब्याच्या कलमांना पुरत नाही. आणि ओल्या चिऱ्याचा चिखल कोण उपसणार, तुमची संघटना?”

काका म्हणाले, “गाऱ्हाण्याला येतो. मशीनचं बघू.”

काकूने माझ्याकडे पाहिलं. काकांच्या ‘बघू’चा अर्थ आम्हा दोघींना ठाऊक होता. ते गेले की चार माणसं हसून हात धरणार, इंजिनाला दोरी लावणार आणि काका पात्याजवळ उभे राहणार. भांडण नाही, निर्णय नाही. माणसं अशीच परत जातात. मी कामगारांच्या इतक्या बैठका घेतल्यात, त्यांत ‘नाही’ म्हणणारे थोडे आणि ‘बघू’ म्हणणारेच जास्त.

गाऱ्हाणं म्हणजे राखणदारापुढे उभं राहून मोठ्याने केलेलं मागणं. हंगामात पातं पहिल्यांदा कातळाला लागण्याआधी नारळ ठेवायचा आणि एका जाणत्याने एकेक मागणं घालायचं. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्या खाणीत हा मान काकांचा होता. मी आणि काकू त्यांच्याबरोबर गेलो, राखणीला. काकू तसं म्हणाली नाही, पण तीही माझ्यासारखीच त्यांच्या उजव्या हाताला चिकटून चालत होती.

सकाळची उन्हं होती. सड्यावरचं गवत पिवळं पडलं होतं. मशीनची ताडपत्री काढली होती, पात्याला हळदकुंकू. शेठ पुढे, डोक्यावर रुमाल, हात जोडलेले. काका नारळासमोर उभे राहिले. आवाज पूर्वीसारखा नव्हता, मध्ये हवा पुरत नव्हती, पण सूर तोच.

“बा राखणदारा म्हाराजा, ह्या सड्याचा तू धनी. आज तुझ्या पायाशी नारळ ठेवलाय, तो मानून घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

“काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल. मशीनला दगाफटका नको, कुणाचा हातपाय जाव नको रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

“शेठच्या धंद्याला बरकत दे. चिऱ्याला गिऱ्हाईक दे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!” शेठचा आवाज सगळ्यांत मोठा.

काका दम घ्यायला थांबले. मला वाटलं संपलं. त्यांनी नारळाकडेच बघत पुढचं घातलं.

“ह्या खाणीत छातीने कुणी मरू नये, म्हणून औंदापास्नं पात्यावर पाणी पडू दे, टँकर आणायची शेठला बुद्धी दे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

सगळ्यांनी ओरडून म्हटलं. त्यात शेठही होते. हात जोडून, डोळे मिटून, सवयीने. आवाज विरला आणि मग त्यांनी डोळे उघडले. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हसू दाबलं. काकूने पदर तोंडाला लावला. काकांनी काहीच न झाल्यासारखा नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा शेठच्या हातात ठेवला.

“हे काय मध्येच घातलंत?” शेठ हळूच म्हणाले.

“मी कुठं, राखणदाराने घातलं तोंडात,” काका म्हणाले. “तुमी होय म्हणालात ना? झालं तर.”

देवापुढे ‘होय’ म्हटलेलं आमच्याकडे मागे घेता येत नाही. निदान लगेच तरी नाही. त्याच आठवड्यात टाकी आली, पाइप आला. पात्यावर पाण्याची धार सुटली आणि लोटाच्या जागी तांबडा राडा वाहायला लागला. माणसं घोट्यापर्यंत चिखलात, पण तोंडं ओळखू येत होती. काका मशीनवर गेले. डॉक्टरबाई माझ्यावर चिडल्या, पाणी सोडलं तरी धूळ पूर्ण जात नाही म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. मी घरी येऊन तेच ओरडले. काका म्हणाले, “होय, होय. मग तू माझ्या जागी दुसरं काय काम देतेस ते सांग.” माझ्याकडे पत्रकं होती. काम नव्हतं.

माझ्या कितीतरी अर्जांनी, निवेदनांनी जे झालं नाही ते एका गाऱ्हाण्याने झालं होतं. मी आनंदाने नाचायला हवं होतं. मी नुसती थकले होते. नेमकं हेच आपल्याला मागावं लागतं, तेही देवाच्या आडून, ह्याचाच शीण आला होता. श्वासापुरती हवा ही काय नवसाने मागायची वस्तू आहे?

औषधाचा कोर्स पुरा झाला. छातीचा फोटो पुन्हा काढला. जखमेच्या जागी पांढरट वण राहिले होते. जंतू गेलाय, पण ह्या जागा आता पहिल्यासारख्या होणार नाहीत, डॉक्टरबाईंनी सांगितलं. तेवढ्या भागाने श्वास कमीच.

शिमगा आला. कलमांवर कैरी सुपारीएवढी झाली, आणि ऊन असं की ती देठापासून गळायला लागली. शेठची स्वतःची कलमं आहेत. टँकर तिकडे वळला. दोन-चार दिवस टाकीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यावर काढले, मग पाइप कोरडा पडला. शेठ म्हणाले, आंबा उतरेपर्यंत कळ काढा. त्या दिवशी खाणीत पुन्हा गूळ आला, नेहमीपेक्षा मोठा खडा.

काका भर दुपारी घरी आले. मी नेमकी तिथेच होते. काकूने विचारलं, “बरं नाय काय?”

“बरा हाय. पाणी गेलं.”

“मग?”

“मग काय. इंजिन बंद केलं, आलो.”

मला एकदम उभारी आली. “आणि बाकीचे? बाकीच्यांनी काम बंद केलं?”

“नाय. दुसऱ्याने चालू केलं.”

“तुम्ही सगळ्यांना घेऊन यायचं होतं, काका! सगळे एकदम बाहेर पडले असते तर शेठला टँकर फिरवावा लागला असता.”

काका पाय धूत होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, “तू इतकी वर्षं सगळ्यांना घेऊन यायला बघतेस. किती आलेत? मी एक छाती घेऊन आलो. तेवढीच मला उचलत होती.”

राग होताच, पण तो कुणावर काढायचा? शेठवर काढायचा तर ते माणसांचं पाणी घालून आपली गळणारी कैरी वाचवत होते. जो मशीनवर गेला त्याच्यावर काढायचा तर त्याच्या घरीही चूल होती.

सड्यावरचं मशीन अजून चालू आहे. वारा आमच्या बाजूचा असला की आवाज येतो. ज्याने ते घेतलं त्याला मी दोनदा भेटले. थुंकी तपासायला चल म्हटलं. “पाऊस पडला की बघू,” म्हणाला. मी तिसऱ्यांदाही जाणार आहे. जाण्यापलीकडे मला काही येत नाही.

काका सध्या खालच्या एका बागेत राखणीला आहेत. माकडं हाकायची, पडलेले आंबे गोळा करायचे. पगार निम्मा, आणि मान त्याहून कमी. घाटी चढताना दोनदा बसतात, पण चढतात. परवा मी घरी गेले तर काका जेवायला बसले होते. बागवाल्याने वर्षभरासाठी राहा म्हणून सांगितल्याचं काकूने मला सांगितलं. तिच्या आवाजात किती दिवसांनी जरा ऊब होती.

मी म्हटलं, “वर्षभर? काका, थंडीत मोहोर आला की कलमांवर विषारी फवारणी करतात. तीही श्वासाबरोबर आत…”

काकूने पळी आमटीत ठेवली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“थंडीला किती अवकाश हाय?”

“हाय अजून,” काका म्हणाले.

“मग जेवू दे त्यांना,” काकू म्हणाली, आणि माझ्या पानात भात वाढला.